खडकुंभ्याचं आतलं

सोमवार, १४ जून १९४३

पोचले एकदाची. वाईहून मोटारीनं वाठार, वाठारहून आगगाडीनं रहिमतपूर आणि पुढं साडेतीन तास बैलगाडी. अंग आंबून गेलंय, पण मन इतकं हलकं आहे की ट्रंक न सोडताच ही वही काढून बसले. छापखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदाची अण्णांनी स्वतः शिवून दिली. डोळे अधू झाल्यापासून त्यांना खिळे जुळवता येत नाहीत, पण सुईदोरा अजून जमतो, असं लेकीलाच बजावून सांगत होते.

खडकुंभे मला आवडलं. दीडशे उंबऱ्यांचं गाव. चहूकडे काळा खडक आणि त्यात सापडेल तिथं नांगरून ठेवलेली शेतं. उत्तरेला एक बोडकी टेकडी आहे, तिला कानमाळ म्हणतात. मुलींची शाळा चावडीच्या मागं, एक लांब खोली, तीन खिडक्या. पटावर सत्तावीस मुली. एवढ्याशा गावात सत्तावीस!

राहायची सोय रंगूबाईंकडे. पन्नाशीच्या असतील. विधवा आहेत, घरची शेती बघतात, एकुलता मुलगा जोतीराम पलटणीत आहे. मला पाहून त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "बाई, तुमी कपाळाला न्हाई लावत?" मीही तशीच, लग्नानंतर आठ महिन्यांत, असं सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि तव्यावरची भाकरी उलटली. त्या हाताचं फार बरं वाटलं.

उद्यापासून शाळा. धाकटा भाऊ मधू इथं असता तर म्हणाला असता, ताई, आता सत्तावीस जणींच्या मागं लाग, माझी सुटका झाली.

रविवार, २० जून

पहिला आठवडा छान गेला. मुली हुशार आहेत, पाढे तोंडपाठ. एकच तक्रार. रोज सकाळी मी नखं आणि कान तपासते, तेव्हा सगळ्या स्वच्छ असतात. दुपारची सुट्टी संपवून आल्या की प्रत्येकीचा उजवा कान आणि गाल मातीनं भरलेला. डावा नाही, उजवाच. कशात खेळता म्हणून विचारलं तर खुदखुदतात. मग मी विहिरीवर बायका पाहिल्या. त्यांचंही तसंच. उद्या आरोग्यावर एक धडा घेणार आहे.

आज चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी वाचली. मागच्या मोठ्या लढाईनंतर सरकारनं बसवलेली. ‘या गावातून ४१ माणसे लढाईस गेली. त्यांपैकी १ माणसाने प्राण दिला.’ एक्केचाळिसांत एकच! आमच्या वाईकडच्या गावांत असे आकडे नाहीत. तो एक म्हणजे रंगूबाईंचा नवरा, बसऱ्याला गेलेला, हे पाटलांनी सांगितलं. या लढाईत आत्तापर्यंत साठावर गडी गेलेत आणि एकाचंही वाईट कळलेलं नाही, असंही ते मिशीला पीळ देत म्हणाले. मग रंगूबाईंच्या घराकडे बघून त्यांनी तोंड जरा वाकडं केलं. ते मला कळलं नाही.

शुक्रवार, ९ जुलै

आठवड्यातून दोनदा टपालवाला कोंडीबा थैली घेऊन येतो आणि माझ्या दारात बायकांची रांग लागते. आजवर मुलग्यांच्या शाळेतले मास्तर पत्रं वाचून दाखवायचे. नवऱ्याचं पत्र परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायचं म्हणजे अर्धं ऐकूच येत नाही, असं शालूबाई म्हणाली. ती माझ्याच वयाची आहे, तिचा नवरा गुंडा आसामच्या पलीकडं कुठंतरी रानात लढतोय.

पत्रं वाचताना एक गंमत ध्यानात आली. गावांची नावं सरकारी माणसानं काळ्या शाईनं खोडलेली असतात, पण एक वाक्य त्यानं कुठंच खोडलेलं नाही. ‘कान लावला. इथंबी हाय.’ गुंडाच्या पत्रात आहे. मिसरमधून आलेल्या पत्रात आहे. इराकच्या वाळूतून आलेल्या पत्रात आहे. वेगवेगळे हात, वेगवेगळे मुलूख, वाक्य तेच. काय आहे इथंबी, असं मी शालूबाईला विचारलं. ती म्हणाली, गावची खूण हाय बाई, खुशाली कळवायची.

किती गोड रीत! फक्त जोतीरामच्या पत्रांत ते वाक्य नसतं.

मधूचं शेवटचं कार्ड सिंगापूरहून आलं होतं, बेचाळीसच्या जानेवारीत. पुढं सिंगापूर पडलं आणि ‘बेपत्ता’ असा छापील कागद आला. अण्णांच्या प्रत्येक पत्रात त्याच्याबद्दल एकच प्रश्न असतो. माझ्याबद्दल शेवटी अर्धी ओळ.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

मला गावाचं गुपित कळलं असं वाटतं. वहीत लिहू का नको असं झालंय, पण नाव-गाव न लिहिता लिहिते.

रोज दुपारी, ऊन ऐन डोक्यावर असताना, चार-पाच बायका फडक्यात भाकऱ्या बांधून कानमाळावर जातात आणि रिकामं फडकं घेऊन परततात. विचारलं तर म्हणतात, शेतावर न्यारी. पण त्या माळावर शेतच नाही. आपल्या जिल्ह्यात सध्या काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसांना चुकवत डोंगरांत राहणाऱ्या पोरांना कुणीतरी पोसतंच ना? आणि ज्या गावची साठ माणसं सरकारी पलटणीत आहेत त्या गावावर कोण संशय घेणार?

मला इतका अभिमान वाटला की माझी टिंक्चर आयोडीनची बाटली शालूबाईच्या हाती गुपचूप दिली. वर कुणाला जखम असली तर उपयोगी पडेल, म्हटलं. तिनं बाटलीकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि इतकं हसली की डोळ्यांत पाणी आलं. पण घेतली.

भाऊबीज

भाऊ नाही म्हणून चंद्राला ओवाळलं. चंद्र नखाएवढा, पटकन बुडाला. निरांजन हातात असतानाच तोंडातून मधूचं नाव निघून गेलं. रंगूबाई धावत अंगणात आल्या आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "नाव घिऊ नगा हितं. तुमचा भाऊ हाय आन् त्येचा पत्त्या न्हाई, ह्ये गावात कुनाला सांगितलंय का?" शालूबाईला सांगितलंय, म्हटलं. त्यांनी अंगणाचं कवाड लावून घेतलं. कारण विचारलं तर सांगेनात.

दुःख सोसलेली माणसं अशी भित्री होतात. मी त्यांना निरांजनातलं तूप दाखवून विषय बदलला.

सोमवार, ६ डिसेंबर

आज कोंडीबानं तार आणली. शालूबाईच्या नावची. इंग्रजी. मला वाचता आली. गुंडा गेला. चोवीस नोव्हेंबरला, लढताना.

शालूबाई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. कवा झालं, एवढंच तिनं विचारलं. तारीख सांगितली. बोटांवर मोजून म्हणाली, "मग आता उशीर नगं." भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले, खुंटीवरचा गुंडाचा फेटा काढला आणि कानमाळाकडे चालू लागली. तिची मुलगी माझ्या शाळेत पहिलीत आहे. ती दारात उभी राहून बोटं चोखत होती, मी तिला मांडीवर घेऊन रडले. ती रडली नाही.

दुपारी टेकडीवरून तीनदा हाक ऐकू आली. गुंडाऽऽ.

गावात कुणी चूल विझवली नाही.

रविवार, १९ डिसेंबर

गुंडाचं पत्र आलं. वरती तिकीट नाही, शिक्का नाही, खोडाखोड नाही. कोंडीबानं ते माझ्या हाती देताना तोंड फिरवलं. आत दोनच ओळी. शालूबाईनं मला पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या. ‘निघालो आहे. येतो.’

तारा चुकतात. लढाईत हजारो माणसं, एकाच नावाची दहा. चूक झाली असणार.

बुधवार, १२ जानेवारी १९४४

गुंडा आला.

मी स्वतः पाहिला. खाकी कपडे, उंच, दाढी केलेली. बाई, बरं हाय का, म्हणाला. मी अगदी खुशीत पेढे मागितले. शालूबाईचं कुंकू आज एवढं मोठं आहे. पाटील, पाटलीण, सगळा गाव येऊन भेटून गेला, पण कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला भास वाटेल. शालूबाईनं आतून त्याला हाक मारली. तिनं तोंड उघडायच्या आधी त्यानं ‘ओ’ दिली. आधी ओ, मग हाक. मुलगी ‘बाबा’ म्हणाली तेव्हाही तसंच. मी तासभर बसले होते. दर खेपेला तसंच.

घरी आल्यावर रंगूबाईंना सांगितलं. त्या जोतीरामच्या पत्रांचं पुडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, त्या घरी पुन्यांदा जाऊ नका.

पण मला झोपताना, उठताना, शिकवताना एकच सुचतंय. गुंडा आला. तार आली होती, तरी आला. मधूची तर तारही नाही.

बुधवार, २ फेब्रुवारी

रंगूबाई मळ्यात गेल्या होत्या. त्यांना कळू नये म्हणूनच आजचा दिवस धरला. हे लिहिताना लाज वाटते.

शालूबाई घेऊन गेली. कानमाळाच्या माथ्यावर खडकात एक आड आहे. पाण्याचा नाही. गोल, हातभर कमी दोन पुरुष रुंद, आणि कडा इतक्या गुळगुळीत की पहारेची, सुरुंगाची एक खूण नाही. कुणी खणलेला नाही तो. आणि भोवती माणसं. नऊ जणं. बहुतेक म्हाताऱ्या बाया, दोन म्हातारे. उजवा कान खडकाला लावून पालथी पडलेली, डोळे उघडे. भाकऱ्या त्यांच्यासाठी. बायका पाण्यात कालवून त्यांच्या तोंडात घालतात आणि ती गिळतात. त्यांतली दगडाबाई माझ्या एका विद्यार्थिनीची आजी. मी तिला नमस्कार केला. तिनं माझ्यातून आरपार पाहिलं. माझी टिंक्चरची बाटली तिथंच पडली होती, बूच न उघडलेली.

तेव्हाच परतायला हवं होतं.

यांना काय झालं, असं विचारलं. काय न्हाई, ती आतल्याचं ऐकत्यात, शालूबाई म्हणाली. देवाचं नाव काय? नाव न्हाई. आतलं. बस.

शालूबाईच्या सांगण्यावरून नेलेला मधूचा गळपट्टा आडात सोडला. पडल्याचा आवाज आला नाही. मग खडकाला कान लावला. वाटलं होतं धडधड ऐकू येईल, वारा ऐकू येईल. काहीच आवाज नव्हता. पण कुणीतरी ऐकतं आहे, हे ऐकू आलं. कसं लिहू? एखाद्या खोलीत आपण एकटं बडबडतो आहोत असं वाटावं आणि एकदम कळावं की दाराआड कुणीतरी श्वास धरून उभं आहे. पण ती खोली केवढी! सगळ्या डोंगरांखाली, वाईखाली, समुद्राखाली. दुधावर साय धरते तेवढीच ही जमीन. आणि खाली ते, सबंध, आणि त्याचं लक्ष माझ्याकडे.

मी तीनदा हाक मारली. मधू.

घरी आले तेव्हा रंगूबाई दारात होत्या. माझ्या उजव्या कानाकडे पाहिलं. पदराचं टोक ओलं करून माती पुसली.

२६ फेब्रुवारी

मधूचं पत्र! मधूचं पत्र! त्याच्या अक्षरात, ‘ती. ताईस’ म्हणून. सुखरूप आहे. निघाला आहे. मी अनवाणी शाळेपर्यंत धावले आणि मुलींना सुट्टी दिली.

अण्णांना लगेच सगळं लिहिलं. सगळं. टेकडी, आड, हाक कशी मारायची, सगळं. कोंडीबा थैली घेऊन गेलाही.

२१ मार्च

अण्णांचं उत्तर. रेडक्रॉसकडून कागद आलाय. मधू सप्टेंबर बेचाळीसमध्ये जपान्यांच्या छावणीत हगवणीनं वारला. दीड वर्षापूर्वी.

पण अण्णा लिहितात, कागदावर माझा विश्वास नाही, तुझ्याकडे त्याच्या हातचं पत्र आहे. मी येतो. मला ती जागा दाखव. मीही हाक मारीन.

त्याच्या हातचं. मी पत्र पुन्हा काढून पाहिलं. कॉलेजात गेल्यावर मधूनं आपला ‘ल’ बदलला होता. या पत्रातला ल शाळेतला आहे. मी पाटीवर गिरवून घेतलेला. मला आठवतो तो.

म्हणजे हे अक्षर त्याच्या हातातून आलेलं नाही. माझ्या डोक्यातून आलंय.

४ एप्रिल

आज रंगूबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांचे पाय धरले तेव्हा. जसं बोलल्या तसं लिहिते.

"मागल्या लढाईत एक्केचाळीस गेले. लय मेले बाई, लय. आन् घरच्यांनी हाका मारल्या. चाळीस आले. माझ्या सासूनं मला माळावर वढत न्हेली. मी न्हाई मारली हाक. पोटात जोतीराम हुता. म्हटलं, ह्येच्या बापाच्या जागी दुसरं कायतरी घरात न्हाई घ्यायची मी. सासू मरस्तवर माझ्याशी बोलली न्हाई."

जो हाक मारतो, तो येणाऱ्याला बांधला जातो. रोज थोडा थोडा रिकामा होतो. आधी नावं जातात, मग चेहरे, मग भूक. शेवटी माळावर जाऊन पडतो. दहा-पंधरा वर्षं लागतात. गावाला हे माहीत आहे. सगळ्या आयांना माहीत आहे. पोराच्या आवाजात ‘आई’ ऐकायला मिळतं, तेवढ्यासाठी त्या करतात. घरातल्या दुसऱ्या कुणी नावानं हाक मारली आणि त्यानं ओ दिली की तोही बांधला गेला. अशी त्या चाळिसांतली एकोणीस घरं साफ बसली.

आणि ते कशाला करतं हे, मी विचारलं. "त्येला भाईर यायचं असंल. एक हाक म्हंजी एक दार. मला तरी काय ठावं?"

परत पाठवता येतं का? येतं म्हणतात. उन्हाळ्यात एक दिवस असा येतो की ऐन दुपारी सावलीच पडत नाही, ऊन आडात सरळ उतरतं. त्या वेळी, जिनं हाक मारली तिनं त्याचा हात धरून आत जायचं. दुसऱ्या कुणी त्याला हाक मारली नसेल तरच. पाटलांच्या दारातल्या दगडाच्या सावलीवरून दिवस कळतो. यंदा दहा मे.

आजवर कुणी केलंय?

"कोन आई करील?"

मग म्हणाल्या, जोतीरामची तार आली तर मला कोंडून घाला बाई. माझा मलाच भरवसा न्हाई.

१८ एप्रिल

शाळेला सुट्टी लागली. वाईला जाता येत नाही. मधूचं पत्र आहे – ‘मिरजेला पोचलो. तू असशील तिथं येतो.’ मी घरी गेले तर तेही घरी येईल. अण्णांसमोर.

अण्णांना तीन पत्रं लिहिली. येऊ नका. कुणी दारात आलं तर नाव घेऊ नका. आज कोंडीबाच्या थैलीत तिन्ही दिसली. तशीच. येणाऱ्याला अडवणारी पत्रं धाडू नकोस असं पाटलांनी सांगितलंय, म्हणाला, आणि तपकीर ओढायची सोडून रडायला लागला. रंगूबाई स्वतः रहिमतपुराला चालत निघाल्या, त्यांना वेशीवरून परत आणलं. मला कुणी अडवत नाही, हात जोडतात. माळावर माझ्यासाठी जागा झाडून ठेवल्याचं शालूबाईनं सांगितलं. मायेनं सांगितलं.

शालूबाईला आज माझं नाव आठवेना.

३ मे

आला. भर दुपारी. उंबऱ्याबाहेर बसलाय. कपाळावर तीच खोक, पेरूच्या झाडावरून पडला तेव्हाची. ताई, पाणी दे, म्हणाला. दिलं. तांब्या हातात धरून बसला, प्यायला नाही.

मी नाव घेत नाही. पण मनात आलं तरी बाहेरून ओ येते.

६ मे

सातचा पाढा येत नाही मला. सात चोक – 

आईचा चेहरा आठवला नाही सकाळी. नथ आठवली फक्त.

त्याला विचारलं, तू कोण. मधू, म्हणाला. खाली काय आहे. तेव्हा हसला, मधूसारखाच, डावीकडून. म्हणाला, ताई, ते फार मोठं आहे. सूर्य त्याला डासाच्या डोळ्याएवढा दिसतो. आणि त्याला अजून नीट जागही आलेली नाही. कुशीवर वळतंय फक्त. हाका ऐकून.

आणि मग – ताई, अण्णा कधी येणार?

मला त्याच्याजवळ बसावंसं वाटतं. हे खरं आहे म्हणून लिहिते. ते मधू नाही, मला पक्कं ठाऊक आहे. तरी बसावंसं वाटतं.

९ मे

अण्णांचं कार्ड. बुधवारी सकाळच्या गाडीनं रहिमतपूर. दुपारपर्यंत पोचतो.

बुधवार उद्या. दहा मे.

त्यांनी त्याला पाहिलं की हाक मारतीलच. दोन वर्षं तोंडात तेवढंच एक नाव आहे त्यांच्या. रंगूबाई वेशीवर गाडी अडवतो म्हणाल्या. एकट्या.

मला भीती वाटते. फार भीती – रंगूबाईंनी आज माझी वेणी घातली. कुणी घातली नव्हती इतक्या वर्षांत.

१० मे

माळावर. आडाच्या काठाला बसले आहे. ऊन सरळ आत उतरतंय, आणि तळ नाही. तो शेजारी. मुकाट्यानं आला. उजवा हात मोकळा सापडला की धरतो, म्हणून पेन्सिल सोडत नाही. धरायचा आहे, पण सावली गेल्यावर. आधी नाही.

सावली बोटभर आहे अजून.

पालथी पडलेली माणसं – सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळलेत. दगडाबाईचेही. ऐकत नाहीत आता. बघतायत.

गाडीच्या चाकांचा आवाज. वेशीवर थांबली नाही.

रंगूबाई ओरडतायत. कुणीतरी धरलंय त्यांना.

तो उठून उभा राहिला. म्हणतो, अण्णा आले.

नखाएवढी. देवा, लवकर – 

अण्णा चढतायत. काठी टेकत, एकटे. दिसत नाही नीट त्यांना. अण्णा, नाव घेऊ नका. मी ओरडले, पण माझा आवाज – माझा आवाज निघाला का? थांबले. डोळ्यांवर हात धरून बघतायत. त्याच्याकडे. बराच वेळ त्याच्याकडे. तो हसतोय, डावीकडून. ओठ हलतायत त्याचे, ओ द्यायला – 

अण्णांनी मान फिरवली. त्याच्याकडे पाठ केली. माझ्याकडे बघतायत. ते रडतायत आणि मला हाक मारतायत, प्रमे, म्हणून, प्रमे, घरी चल – 

सावली नाही. मी पेन्सिल खाली